कंडरा तुटली, शिवली, जुळली: तुमचे अनुभव लिहा

सांजसावली:
आज कंडरेवरच्या (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) एका व्याख्यानात सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र दाखवलं. डावीकडे कोलॅजेनचे, म्हणजे कंडरा ज्या प्रथिनाची बनते त्याचे, धागे कसेही पडलेले, पेशीही चारी दिशांना पाय फुटल्यासारख्या. उजवीकडे धागे एका दिशेत, आणि पेशी लांबट होऊन त्याच रेषेत निजलेल्या. मला एकदम नऊ वर्षांपूर्वीचं बॅडमिंटन आठवलं. मागून टाचेवर कुणीतरी रॅकेट मारली असं वाटलं, वळून बघते तर कुणी नाही. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललंच नाही, म्हणजे टाचेची कंडरा तुटली होती. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, "टोकं ओल्या कुंचल्यासारखी पिंजारली होती, विंचरून शिवली." ते 'विंचरून' मला आज कळलं. ती जागा अजून जाड आहे आणि एका पायावर टाच उचलताना जोर कमी पडतो. जे यातून गेलेत किंवा यावर काम करतात त्यांनी लिहा ना.

डावाखांदा:
माझी खांद्याची. दोनदा शिवली. पहिली वर्षाच्या आत हाडापासून परत सुटली. रात्री कूस बदलता यायची नाही, खुर्चीत बसून झोपायचे. वॉशिंग मशीन थांबलंय, त्यातले कपडे काढून येते.

पेट्रीडिश:
अगं, त्या उजव्या चित्रावर माझी साडेतीन वर्षं गेली! कोलॅजेनच्या द्रावात दोन समांतर तारा ठेवून वीज सोडायची. एका तारेपाशी आम्ल, दुसरीपाशी अल्कली, मधे रेणू एका रेषेत गोळा होतात. त्याचा दोरा बनतो, ओला असताना जवळजवळ पारदर्शक, चिमट्यातून सारखा निसटतो. त्यावर अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी) सोडायच्या. एका सकाळी बघितलं तर सगळ्या दोऱ्याच्या लांबीत पडलेल्या. रडू आलं मला. पेशी धाग्याची वाट धरतात हे तसं जुनं आहे, रॉस हॅरिसनने 1914 मध्ये कोळ्याच्या जाळ्यावर दाखवलं होतं. पण आकार लांबट झाला म्हणजे कंडरेची पेशी झाली असं नाही. स्क्लेरॅक्सिस, टेनोमोड्युलिन ही कंडरेच्या पेशींची ओळख असलेली जनुकं चालू झाली का ते तपासावं लागतं. आमच्या बाई सारखं बजावायच्या, सशांच्या कंडरेत स्टेम सेल घातल्या तेव्हा काहींत चक्क हाड तयार झालं होतं.

सांजसावली:
कंडरेत हाड?? बाप रे.

अश्ववैद्य:
शर्यतीच्या घोड्यांत हे स्टेम सेलचे उपचार 2003 पासून आहेत. पुढच्या पायाची मागची कंडरा आतून फाटते. छातीच्या हाडातून मज्जा काढायची, पेशी काही आठवडे वाढवायच्या, सोनोग्राफीत बघत जखमेत सोडायच्या. घोड्याचं बरं असं की बाहेरचं आवरण बहुतेक वेळा शाबूत असतं, पेशी आत राहतात. माणसाची पूर्ण तुटलेली टोकं म्हणजे दोन्हीकडून उघडी, पेशी थांबणार कुठे? म्हणून तो दोरा हवा. माझ्या एका घोडीच्या सोनोग्राफीत आधी नुसता काळा खड्डा होता, काही महिन्यांनी त्यात बारीक समांतर रेषा दिसायला लागल्या. मालकाला तीनदा दाखवलं.

रविवारचीधाव:
एका ठिकाणी मला "स्टेम सेल इंजेक्शन" म्हणून दिलं. बरेच पैसे गेले, फरक शून्य. कागद नीट वाचले तर माझ्याच रक्तातल्या प्लेटलेट होत्या. फार वाईट वाटलं.

पेट्रीडिश:
@रविवारचीधाव फसवणूकच ही. प्लेटलेटमध्ये स्टेम सेल नसतात. पुढे कुणी असं काही सुचवलं तर आधी विचार, पेशी कुठून काढणार, किती दिवस वाढवणार.

पोटरीताई:
फिजिओ आहे. स्वीडनच्या डॉ. आल्फ्रेडसनचा 1998 चा टाच खाली सोडण्याचा व्यायाम माहितीये ना? दिवसातून दोनदा, 12 आठवडे. तो दुखऱ्या कंडरेसाठी, तुटलेलीसाठी नाही. पण धागे रांगेत यायला ताण लागतोच. शिवल्यावरसुद्धा हळूहळू भार द्यायचा असतो, घाबरून पाय महिनोन्‌महिने उचलून ठेवला की नवे धागे कसेही पडतात.

खिडकीतली:
बाबांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असताना टाच दुखायला लागली. त्या गटाच्या गोळ्यांवर अमेरिकेत 2008 पासून कंडरा तुटण्याचा ठळक इशारा छापतात, आम्हाला कुणी बोललं नाही. दुखलं की लगेच डॉक्टरांना फोन करा.

डावाखांदा:
आले. @सांजसावली पायऱ्या उतरताना भीती वाटते का गं अजून?

सांजसावली:
हो. कठडा धरते. तुझी झोप?

डावाखांदा:
दुसऱ्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी पहिल्यांदा डाव्या कुशीवर झोपले.