मदत हवी आहे : बार्साकचा तरतरीतपणा मातीचा की द्राक्षाचा?

मंडळी, गोड व्हाइट वाइनच्या एका गोष्टीत अडकलोय. सोतेर्न आणि बार्साक ही दोन्ही वाइनची गावं फ्रान्सच्या बोर्दो भागातलीच, अगदी शेजारी. द्राक्षंही तीच, पातळ सालीचं सेमियों जास्त आणि आंबटपणासाठी थोडं सोव्हिन्यों ब्लां. सिरों नदीचं गार पाणी गारोन नदीला मिळतं, शरदात सकाळी धुकं धरतं, मण्यांवर बोट्रायटिस बुरशी चढते आणि रस आटून गोडी वाढते. (ते सुरकुतलेले, राखाडी मणी पाहून कुणी घडच फेकून देईल!) इथवर कळलं.

पण बार्साकची वाइन जास्त हलकी, तरतरीत असते म्हणतात आणि श्रेय देतात चुनखडीवरच्या पातळ लाल मातीला. सोतेर्नमध्ये खडी आणि खाली चिकणमाती. चुनखडीने आंबटपणा टिकतो तो नेमका कसा? निचऱ्यामुळे, की मुळांना पाणी बेताने मिळतं म्हणून? मातीतली खनिजं थेट चवीत उतरतात, हे मला तरी पटत नाही. जर्मनीतल्या मोझेलच्या स्लेटवरचं (पाटीच्या दगडावरचं) रीसलिंग, हंगेरीतल्या टोकायच्या ज्वालामुखीच्या मातीतलं फुरमिंट, यांचंही असंच कौतुक होतं. पण ही द्राक्षं मुळातच आंबट! मग माती किती, जात किती, हे वेगळं काढायचं कसं? बागेत प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर जरा समजावून सांगा.