अण्णासाहेब रातंजनकर : प्राचार्यपदाने संगीताचे काय कमावले आणि काय गमावले?

मूळ लेखन : मंद्रसप्तक

संगीतशास्त्रज्ञ पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे शिष्य आणि आग्रा घराण्याचे गायक उस्ताद फैयाज खाँ यांचे गंडाबंध शागीर्द (गंडा बांधून विधिपूर्वक झालेले शिष्य), गायक श्रीकृष्ण नारायण तथा अण्णासाहेब रातंजनकर यांनी 1928 मध्ये लखनौच्या मॅरिस कॉलेज या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या वेळी संस्था स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढे जवळजवळ तीन दशके ते तेथे राहिले आणि त्यानंतर खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. ही वाटचाल नेहमी गौरवाने सांगितली जाते, परंतु मला ती एका मोठ्या नुकसानीची कथा वाटते.

एकीकडे भातखंड्यांची शास्त्रदृष्टी आणि दुसरीकडे आग्रा घराण्याची तालीम असा दुहेरी वारसा त्या पिढीत दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल. अशा माणसाने गायचे, लिहायचे आणि संशोधन करायचे, की वेळापत्रके, परीक्षा, अनुदानाचे अर्ज आणि शिक्षकांच्या नेमणुका यांत आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे घालवायची? उत्तरकाळातील त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना रागाची मांडणी थक्क करते, मात्र आवाजातील थकवाही लपत नाही. संस्थेचा कारभार दुसरा कोणीही सक्षम माणूस पाहू शकला असता. रातंजनकरांचे गाणे मात्र दुसरे कोणी गाऊ शकत नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : अनवट

आपल्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की प्राचार्यपद ही त्यांच्या विद्वत्तेबाहेरची गोष्ट होती. मला नेमके उलट दिसते. भातखंड्यांचे सारे काम, म्हणजे रागांचे दहा थाटांत वर्गीकरण करणारी व्यवस्था, ‘क्रमिक पुस्तक मालिके’तील बंदिशींचे स्वरलेखन आणि 1916 च्या बडोदा संगीत परिषदेपासूनचा खटाटोप, हे शेवटी एका शिक्षणव्यवस्थेच्या दिशेनेच चालले होते. ती व्यवस्था चालते की नाही, हे वर्गात उभे राहिल्याशिवाय कळणार नव्हते. मॅरिस कॉलेज ही त्या शास्त्राची प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शास्त्रज्ञच असावा लागतो. ‘सक्षम कारभारी’ तेथे पुरला नसता.

त्यांच्या रचनांचेच पाहा. ‘सुजन’ या मुद्रेने, म्हणजे बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावाने, त्यांनी केलेल्या बंदिशी ‘अभिनव गीतमंजरी’त संग्रहित आहेत. त्यांत ख्याल आहेत, रागाची लक्षणे शब्दांतून सांगणारी लक्षणगीते आहेत, कर्नाटक पद्धतीच्या वर्णम या सरावाच्या रचनाप्रकाराचा हिंदुस्थानी रागांसाठी केलेला उपयोगही आहे. रागाचे चलन, म्हणजे त्याच्या स्वरांची खास चाल, विद्यार्थ्याच्या गळ्यात लवकर आणि अचूक कसे उतरेल, या रोजच्या अडचणीतून असे वाङ्मय निर्माण होते. केवळ मैफली करणाऱ्या गायकाला वर्णमाची गरज बहुधा भासलीच नसती.

प्रतिसाद : तिसरी घंटा

दोघांचेही लक्ष लखनौवर खिळलेले आहे. विद्वानाला अधिकारपद मिळाले की काय होते, हे पाहायचे असेल तर आकाशवाणीकडे वळावे लागेल. 1952 नंतर, बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना, कलाकारांच्या श्रवणचाचण्या आणि श्रेणी ठरवण्याची पद्धत आली आणि त्या व्यवस्थेत रातंजनकरांचे स्थान प्रमुख होते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या कलाकारांना रागाच्या शास्त्राविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले, तेव्हा मोठा क्षोभ झाला आणि अनेकांनी बहिष्काराची भूमिका घेतली.

हा केवळ अहंकाराचा प्रश्न नव्हता. ग्रंथात मांडलेले मत हे मत असते आणि दुसरा विद्वान ते खोडून काढू शकतो. तेच मत परीक्षकाच्या खुर्चीवरून आले की त्याचा नियम होतो आणि त्यावर कोणाची तरी उपजीविका ठरते. एखाद्या घराण्यात राग वेगळ्या चलनाने गायला जात असेल, तर ती चूक की परंपरा, हे ठरवण्याचा अधिकार एका पाठ्यक्रमाच्या कर्त्यांकडे जावा का? मंद्रसप्तक यांना गायक हरवल्याचे दुःख आहे. मला अधिक चिंता वाटते ती अभ्यासकाचा न्यायाधीश झाला याची.

प्रतिसाद : अनवट

चाचणीची पद्धत कठोर होती, हे मला मान्य आहे. मात्र त्यापूर्वी कलाकारांची निवड कशी होत असे? ओळखीने, संस्थानिकांच्या शिफारशीने किंवा केंद्रावरील अधिकाऱ्याच्या मर्जीने. सार्वजनिक पैशातून मानधन द्यायचे असेल, तर काही तरी जाहीर निकष हवाच होता. तो तयार करण्याचे अप्रिय काम जाणकाराने नाकारले असते, तर ते अजाणत्याकडे गेले असते.

प्रतिसाद : मंद्रसप्तक

अनवट यांच्या प्रयोगशाळेच्या मुद्द्याला उत्तर देतो. त्या प्रयोगाचे फलित म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, ते अण्णासाहेबांचे शिष्य के. जी. गिंडे आणि एस. सी. आर. भट हे गायक वर्गातल्या तासांवर घडले का? गिंडे अकराव्या वर्षी बेळगाव भागातून लखनौला गेले आणि अण्णासाहेबांच्या घरीच वाढले. पहाटेपासून कानावर पडणारे गाणे, गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसणे आणि वर्षानुवर्षांचा सहवास, ही तर जुनी गुरुकुलाचीच रीत झाली. प्राचार्यांनी आपले सर्वोत्तम शिष्य महाविद्यालयाच्या बाहेर, घरात तयार केले. यातून संस्थेचे समर्थन होते की तिच्या मर्यादेची कबुली मिळते?

प्रतिसाद : लक्षणगीत

हा मुद्दा या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु त्याचा निष्कर्ष मी वेगळा काढतो. ते घर लखनौत होते ते प्राचार्यपदामुळेच. दरबारांचा आश्रय आटत चाललेल्या काळात, मैफलींच्या बेभरवशाच्या बिदागीवर जगणाऱ्या गायकाला दूरच्या गावातील मुले वर्षानुवर्षे घरी ठेवून घेणे कितपत परवडले असते? नियमित वेतन आणि एका जागी स्थिर राहणे, या दोन्ही गोष्टी त्या गुरुकुलाखालचा पाया होत्या.

शिवाय संस्थेची फलश्रुती केवळ मैफलीच्या गायकांत मोजणे मला अपुरे वाटते. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, चित्रपटसंगीतकार रोशन, गझलगायक तलत महमूद हे सर्व त्या महाविद्यालयात शिकले. त्यांतील कोणी ख्यालगायक म्हणून ओळखला गेला नाही. रातंजनकरांचे शिष्य चिदानंद नगरकर मुंबईत भारतीय विद्या भवनाच्या संगीत शिक्षापीठाचे प्राचार्य झाले, सुमती मुटाटकर दिल्ली विद्यापीठात गेल्या आणि गिंडे यांनी वल्लभ संगीतालय ही संगीतशाळा सांभाळली. प्रत्येकाने गाणे आणि कारभार यांचा मेळ आपापल्या परीने घातला.

प्रतिसाद : तिसरी घंटा

म्हणजे शिष्यांनाही तीच खुर्ची मिळाली! त्यांच्यापैकी किती जणांच्या मैफली त्यापायी कमी झाल्या, याचाही हिशेब मग मांडायला हवा. गिंडे यांच्यापासून सुरुवात करता येईल, कारण त्यांची ध्वनिमुद्रणे पुष्कळ आहेत आणि निदान त्यांच्याबाबत तरी अंदाजाने बोलण्याची गरज पडणार नाही.