पार्लरवाला म्हणतो एक, आपल्याला हवा दुसराच रंग : बोललात का? (अनुभव धागा)

पार्लेकरीण

भाच्याच्या मुंजीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. स्टेशनजवळच्या एका सलूनमध्ये गेले. (नाव लिहीत नाही, तुम्हीही कुणाची लिहू नका.) वय ४६, केस निम्मे पांढरे, मागणी साधी: नेहमीचा ४ नंबर, म्हणजे मध्यम ब्राउन. गळ्याभोवती काळा केप बांधला गेला आणि त्या मुलाने माझी एक बट दोन बोटांत धरून वर उचलली. मंडईत मेथीची जुडी शिळी निघते का ते आपण बघतो ना, अगदी तश्शी. म्हणाला, "मॅम, फोर बहुत फ्लॅट लगेगा. फाइव्ह पॉइंट फोर करते हैं. ट्रस्ट मी."

मी म्हणाले, "नको, चारच." पण त्या 'च'वर जोर काही पडला नाही. तो म्हणाला, "एक बार ट्राय तो करो." मी म्हणाले, "बरं."

पॉइंटनंतरचा ४ म्हणजे तांबूस झाक, हे नंतर कळलं. जे केस काळे होते ते जेमतेम बदलले आणि जे पांढरे होते त्यांच्या तांब्याच्या तारा झाल्या. आई म्हणाली, "डोक्याला गंज चढल्यासारखं काय गं दिसतंय?" मातृभोजनाच्या फोटोत मी लांबूनही ओळखू येते, तेवढाच फायदा.

पण खरी लाज पुढेच आहे. ड्रायर झाल्यावर त्याने मागे आरसा धरला आणि विचारलं, "कैसा लगा मॅम?" मी म्हणाले, "छान झालाय." ३,८०० रुपये बिल भरलं आणि वर २०० रुपये टिप दिली. टिप!

मी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडते, कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करते. त्या खुर्चीत मात्र वाचा बसते. चष्मा काढून ठेवलेला असतो, डोकं दुसऱ्याच्या हातात असतं आणि आरशातली बाई आधीच जरा हरलेली दिसत असते. भीड भिकेची बहीण म्हणतात, माझ्या बाबतीत ती पार्लरवाल्याचीही बहीण निघाली.

तर लिहा. बोललात का? नेमकं काय म्हणालात? गप्प बसलेल्यांनी तर नक्कीच लिहा, मला सोबत हवी आहे.

कॅडल रोड

चष्म्याला शंभर टक्के अनुमोदन. मी आता शेड ठरेपर्यंत चष्मा काढतच नाही.

शेड कार्डवर जाऊ नका. त्यावरचे झुपके नायलॉनचे असतात, रंग मुळात पांढऱ्यावर चढवलेला असतो. आपल्या काळ्याभोर केसांवर तीच शेड फार तर उन्हात जाणवते. मी कार्ड बाजूला सारते आणि म्हणते, "माझ्यासारख्या केसांवर हा रंग केलेला फोटो असेल तर दाखवा." बहुतेक वेळा असतो. नसेल तर तोही एक निकालच.

बोरिवली फास्ट

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना?

आमच्याकडे पार्लर नाही, दुकान. १५ वर्षं एकच न्हावी. ३५ नंतर कानाजवळ पांढरे दिसायला लागले, तेव्हा त्याने न विचारता काळ्या डायचं पाकीट फोडलं. मीही काही बोललो नाही आणि मग दर तिसऱ्या रविवारी ते पाकीट फुटतच राहिलं. मला काळं हवंय का, हे त्याने कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानं मार्चपासून जूनअखेरपर्यंत बंद. तीन महिन्यांत खरा रंग वर आला. आधी बायको हसली, मग म्हणाली, "बरा दिसतोस की." दुकानं उघडल्यावर पहिल्याच रविवारी गेलो, तो मास्क लावून पाकीट हातात घेऊन तयारच. म्हटलं, "शेठ, आज फक्त कटिंग." तो थांबला. "साहेब, दहा साल कम दिखोगे." मी म्हणालो, "दहा साल कम दिखके करू काय? ऑफिसात मग रात्रपाळ्या मलाच देतील."

हसला, पण दुखावला. अजूनही कटिंग झाल्यावर माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जशी अर्धवट सोडलेल्या पानाकडे वाढणारी माणसं बघतात.

घाटकोपर पूर्व

माझी उलटी केस. मी बोलले, खूप बोलले आणि तोंडघशी पडले.

११ वर्षं पाकिटातली "काळी मेंदी" लावत होते. शुद्ध मेंदी केशरी-लालच रंगते. काळा हवा असेल तर त्यात नीळ तरी असते, रासायनिक डाय तरी, नाहीतर काही पाकिटांत धातूचे क्षारही. हे ज्ञान तेव्हा शून्य. मला हवे होते राखाडी झाक असलेले फिकट केस. पहिल्या पार्लरच्या ताईने मेंदीबद्दल विचारलं, मानेमागची एक छोटी बट कापली, वाटीत ब्लीचमध्ये बुडवली आणि मला बोट लावायला सांगितलं. वाटी कोमट झाली होती. पाच मिनिटांत बट हिरवट काळी पडली आणि ओढल्यावर तुटली. ताई म्हणाली, "मी हे करणार नाही. मेंदीचे केस वाढून कापले जाऊ देत, मग या."

मी तिला ऐकवलं की पैसे माझे, केस माझे. तिने शांतपणे केप सोडला. दुसरीकडे गेले, तिथे मेंदीचं कोणी विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही. धुताना केस ओल्या शेवयांसारखे लांबत होते, लांबत होते आणि तुटत होते. खांद्याखालचे केस कानापर्यंत आले.

त्या ताईला अजून सॉरी म्हटलेलं नाही. रस्ता बदलून जाते.

कात्रीवाली

मुलुंडला १९ वर्षं माझं छोटं पार्लर आहे. आमची बाजूही लिहिते, रागावू नका.

घाटकोपर, तुमच्या ताईने बरोबर केलं. धातूचे क्षार आणि ब्लीचमधलं पेरॉक्साइड एकत्र आले की वाटी गरम होते. डोक्यावर तेच झालं असतं.

आता आमचं पाप. मोठ्या सलूनमध्ये मुलांना महिन्याचं टार्गेट असतं. रूट टच-अपला, म्हणजे फक्त मुळं रंगवायला आलेली बाई ग्लोबल, म्हणजे सगळेच केस रंगवून गेली तर बिल दुप्पट-तिप्पट होतं. म्हणून "मॅम, फ्लॅट लगेगा" हे वाक्य खरं असेल किंवा टार्गेट असेल. ओळखायचं कसं? कारण विचारा. ज्याला काम येतं तो तुमच्या केसांबद्दल बोलेल: पांढरे किती, आधीचा रंग कोणता, मेंदी लावता का. ज्याला विकायचंय तो स्किन टोनबद्दल बोलेल. पार्लेकरीण, निम्म्या पांढऱ्या केसांवर नुसता कॉपर, म्हणजे तांबूस रंग लावायचाच नसतो. पांढरे झाकायला त्यात साधी नंबरवाली शेड मिसळावी लागते. तो तुमचा भिडस्तपणा नव्हता हो, त्याचं चुकलं.

पण आमच्याकडेही ऐका. "माझे काळे डाय केलेले केस फिकट ब्राउन करा" असं रोज कोणीतरी म्हणतं. रंगाने रंग उतरत नाही. काळ्यावर ब्राउन लावलं की मुळं ब्राउन होतात, खाली काळं ते काळंच. आम्ही "होणार नाही" म्हटलं की बाईला वाटतं, हिला येत नाही. एकीने तर बाटलीवर बोट ठेवून सांगितलं, ४० वॉल्यूम घाला, पटकन होईल. ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. मी मुळांना २० च्या, म्हणजे ६ टक्क्यांच्या वर जात नाही. काय दिसायला हवं ते तुम्ही सांगा, वाटीत काय पडेल ते आमच्यावर सोडा.

आणि बोलायचंच असेल तर ट्यूब पिळायच्या आधी. डेव्हलपर, म्हणजे तेच पेरॉक्साइड, मिसळला की रंगाचं काम सुरू झालं, ते परत ट्यूबमध्ये जात नाही. त्यानंतर "थांबा" म्हटलं तर माल वाया जातो आणि समोरचा तोंड वाकडं करतो. तरी म्हणा. वाटीभर माल गेला तर गेला.

चेंबूर नाका

मी भीड वगैरे ठेवत नाही, कारण एकदा डोळे उघडेनासे झाले होते.

काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. लग्नात हातावर काढलेल्या इन्स्टंट काळ्या मेंदीने फोड आले होते, त्यातही तेच असतं. पण तेव्हा डाय आणि ते फोड यांचा संबंध जोडला नाही. दोन वर्षांनी केस रंगवले, रात्री टाळू पेटली, सकाळी कपाळ आणि पापण्या अशा सुजल्या की मुलाने दार उघडून परत बंद केलं. अँटी-अ‍ॅलर्जी इंजेक्शन, चार दिवस रजा.

आता कुठेही गेले की पहिलं वाक्य: "मला पीपीडीची अ‍ॅलर्जी आहे. बॉक्स दाखवा, मी वाचणार." उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, अमोनिया-फ्री आहे." अहो, अमोनिया नसला म्हणून पीपीडी नसतो असं नाही! दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीकडे पॅच टेस्ट मागितली तर दोघी मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मी पर्स उचलली आणि निघाले. कानामागे थोडासा लावून ४८ तास थांबायचं, यात हसण्यासारखं काय आहे?

ज्यांना काळ्या मेंदीने कधी खाज किंवा फोड आलेत, त्यांनी टेस्टसुद्धा पार्लरमध्ये नको, त्वचेच्या डॉक्टरकडेच.

आजीची नात

आमची आजी, गिरगाव, ७८. पार्लरवाली प्रेमाने म्हणाली, "आजी, या वयात जेट ब्लॅक कडक दिसतं, सॉफ्ट ब्राउन करू या." आजी म्हणाली, "काळेच कर. यमाला वय कळलं तरी चालेल, बिल्डिंगला नको."

काळेच झाले. कडक दिसतात. आजी खूश.

वर्सोवा मेट्रो

मी गप्प बसलेल्यांत. पण एक गोष्ट कळली ती सांगते: दुसऱ्या दिवशीही बोलता येतं.

ब्राउन हायलाइट्स करून घेतले. आत पिवळे दिवे, सगळं मधासारखं सुंदर. अंधेरी स्टेशनच्या पुलावर ऊन लागलं आणि फोनच्या काळ्या स्क्रीनमध्ये बघितलं तर नारिंगी. कावीळ झालेलं मांजर असतं तर असंच दिसलं असतं. परत जायचं धाडस नव्हतं. रात्री बहिणीने माझ्याच फोनवरून मेसेज केला: "काल केलेले हायलाइट्स उन्हात नारिंगी दिसताहेत. फोटो जोडला आहे. दुरुस्त करायला कधी येऊ?" बस, एवढंच. सॉरी नाही, "तुमची चूक नाही पण" नाही.

सकाळी ११ ची वेळ मिळाली. निळसर टोनर लावला, वीसेक मिनिटं, पैसे घेतले नाहीत. नारिंगीला निळा मारतो आणि पिवळ्याला जांभळा, हे त्या मुलीनेच समजावलं. मग मला दाराबाहेर फुटपाथवर नेऊन उन्हात दाखवलं. शेजारचा वडापाववाला पण बघत होता. त्याने मान डोलावली.

फोर्टची वकील

वर्सोवा, मेसेज आणि फोटो हे उत्तम केलंत. बिल आणि आधीचा-नंतरचा फोटो ठेवाच. २०१८ मध्ये दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलच्या सलूनमध्ये सांगितल्यापेक्षा फारच आखूड केस कापले म्हणून तक्रार झाली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी भरपाई दिली. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं, मुद्दा हाच की नुकसान एवढं झालं याचा पुरावा काय. कोटींचं सोडा, पण ३,८०० रुपयांसाठीही कागद लागतोच. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पार्लेकरीण

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

महिन्याने मुळं दिसायला लागली. दुसरीकडे जाणार होते, पण कात्रीवालीने लिहिलेलं वाचून वाटलं, एकदा तिथेच जाऊन बोलून बघू. तोच मुलगा. केप बांधायच्या आधी, चष्मा नाकावर ठेवून म्हटलं, "चार. पॉइंट काही नको. मागचा रंग मला आवडला नव्हता."

तो गोंधळला. म्हणाला, "पण मॅम, आपने तो बोला था अच्छा है. टिप भी दिया था."

यावर मला उत्तरच सुचेना. शेवटी म्हटलं, "झूठ बोला था." बाजूच्या खुर्चीतली बाई फॉइलसकट वळून बघायला लागली. तो मुलगा जरा वेळ कंगव्याशी खेळत राहिला, मग म्हणाला, "मॅम, मैंने वही शेड उस हफ्ते और तीन लोगों को किया."

मग कुणाचंच काही बोलणं झालं नाही. त्याने ट्यूब आणली, नंबर मला वाचायला दिला आणि मग झाकण उघडलं. तांबूसवरून गडद होणं सोपंच होतं, ४० मिनिटांत झालं. या वेळी टिप ५० रुपये दिली.

घरी आले तर आई म्हणाली, "काय गं, पार्लर बंद होतं का?"