बोधचिन्ह की नुसतंच चिन्ह?

जाहिरातकलेवरच्या एका मजकुराचं भाषांतर करताना दोन ठिकाणी अडलोय. ‘लोगो’ला आजवर डोळे झाकून ‘बोधचिन्ह’ लिहीत आलो. पण ज्यातून कसलाच बोध होत नाही, त्याला बोधचिन्ह कसं म्हणायचं? दुसरी अडचण क्रियापदांची. चांगला लोगो लक्ष वेधतो, उठून दिसतो, नजरेत भरतो असं आपण म्हणतो. हे तिन्ही एकच, की यांत फरक करावा?

*

शंका रास्त आहे. आधी ‘लोगो’चं बघू. हा ‘लोगोटाइप’चा उरलेला तुकडा. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा अख्खा शब्द किंवा अक्षरांचा गट एकाच खिळ्यात ओतत, तो लोगोटाइप. ग्रीक ‘लोगोस’ म्हणजे शब्द. म्हणजे मुळात लोगो हा चित्राचा नव्हे, अक्षरांचा. त्या अर्थाने कोका-कोलाचं वळणदार नाव अस्सल लोगो, आणि अ‍ॅपलचं चावा घेतलेलं सफरचंद मागाहून त्यात सामील झालेलं. (खिळ्यातून आलेल्या शब्दावर नजर खिळावी, हा मराठीचा आपला योगायोग.)

आता बोध. ऑलिंपिकची पाच वलयं घ्या. पिएर द कुबर्तां यांनी ती 1913 साली आखली. पाच वलयं म्हणजे पाच खंड. शिवाय पाच रंग आणि मागचा पांढरा असे निवडलेले, की त्या वेळच्या प्रत्येक देशाच्या झेंड्यातला निदान एक रंग त्यात सापडावा. इथे ‘बोधचिन्ह’ शब्द शंभर टक्के बसतो. उलट, बास या मद्यकंपनीचा लाल त्रिकोण. 1 जानेवारी 1876 रोजी ब्रिटनच्या व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत तो पहिल्या क्रमांकावर चढला. त्यातून काय बोध होतो? काही नाही. बाटली कोणाची एवढंच कळतं. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या 1882 सालच्या मद्यगृहाच्या चित्रात काउंटरवर ठेवलेली बाटली आपण आजही त्या त्रिकोणावरूनच ओळखतो. याला मी ‘ओळखचिन्ह’ म्हणेन.

नायकीची ती लाट मधेच कुठेतरी बसते. 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ती काढली, 35 डॉलरला. तिच्यात गती दिसते म्हणणारे आहेत, ग्रीक विजयदेवतेचा पंख दिसतो म्हणणारेही. खरं तर हा बोध वापराने त्यात भरला गेला. कोऱ्या चिन्हाला पुढे अर्थ चिकटतो. ‘बोधचिन्ह’ शब्दात मात्र बोध आधीच गृहीत धरलाय. माझी तक्रार तेवढीच.

*

‘ओळखचिन्ह’ ठीक, पण रुळलेला शब्द कशाला मोडायचा? बाकीचेही तपासून पाहा: ‘व्यापारचिन्ह’ म्हटलं की कायदा आला, ‘मानचिन्ह’ म्हटलं की सत्कार. सरळ ‘लोगो’च लिहावं, हल्ली तो कोणालाच परका वाटत नाही.

क्रियापदांबद्दल मात्र बोलतोच. ती एक नाहीत.

‘उठून दिसणं’ हे एकट्याला जमत नाही. कोणी उठून दिसायचं तर बाकीचे बसलेले हवेत. मानसशास्त्राच्या अभ्यासक हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी 1933 साली नेमकं हेच दाखवलं: एकसारख्या गोष्टींच्या यादीत एकच वेगळी असली तर ती जास्त लक्षात राहते. सगळेच लाल झाले की लाल बसतो. पुष्कळ जण याच्या उलट करतात, शेजारचा भडक म्हणून आपण आणखी भडक. मग ते उठून दिसत नाही, डोळ्यात खुपतं.

‘लक्ष वेधणं’ ही क्षणाची गोष्ट. शब्दातच बाण आहे. हिरव्या ठिपक्यांत एक लाल ठिपका असला तर ठिपके दहा असोत की शंभर, नजर लगेच तिथे जाते. पण एखादी गोष्ट रंग आणि आकार अशा दोन खुणांच्या जोडीवरून ओळखायची असेल, तर एकेक चाळत बसावं लागतं. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 साली मांडलेल्या सिद्धांताचा हा गाभा. म्हणून बाणाला टोक एकच बरं.

‘नजरेत भरणं’ सावकाश. भरायला वेळ लागतो, आणि त्यात पसंतीची छटाही आहे. लक्ष वाईट गोष्टही वेधते, नजरेत ती भरत नाही. नायकीची ती लाट संस्थापक फिल नाईट यांच्याही नजरेत सुरुवातीला भरली नव्हती म्हणतात.

*

दोघांचेही आभार. ‘लोगो’ तसाच ठेवतो, मजकुरातल्या ऑलिंपिक वलयांच्या परिच्छेदात तेवढं ‘बोधचिन्ह’. आणि वाक्य असं केलंय: ‘आजूबाजूच्या गर्दीत उठून दिसला तर लोगो लक्ष वेधेल, नजरेत भरायला तो पुन्हा पुन्हा दिसावा लागेल.’ ‘गर्दीत’ की ‘गर्दीतून’, एवढं कोणीतरी सांगा.

*

‘गर्दीत’. ‘गर्दीतून’ म्हटलं की तो चालायला लागतो.