मदत हवी आहे: फोमच्या सीटी स्कॅनमध्ये वॉटरशेड अल्गोरिदम एकाच सेलचे (हवेच्या कप्प्याचे) दोन तुकडे करतोय

पूर्वभाग:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.टेक. करतोय. इथल्या यंत्रमाग कारखान्यांत कामगार अख्खी पाळी फरशीवर उभे असतात. त्यांच्या पायाखाली घालायच्या फोम मॅटवर माझा प्रोजेक्ट आहे. वजन पडल्यावर मॅट किती दबते ते मला फोमच्या खऱ्या रचनेवरून काढायचंय, आणि ते नीटच काढायचंय.

फोम ओपन-सेल (कप्पे एकमेकांत उघडणारे) पॉलियुरेथेनचा, घनता ६० किलो प्रति घनमीटर. मायक्रो-सीटी पुण्याहून करून आणलं, व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा एक ठिपका) ८ मायक्रॉन. सेल साधारण ०.६ मिमी, स्ट्रट (सेलच्या कडेच्या घन काड्या) जेमतेम पाच-सहा व्हॉक्सेल जाड. फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओत्सू थ्रेशोल्ड (घन आणि हवा वेगळी करणारी आपोआप ठरणारी सीमा) लावला, पोकळीचा डिस्टन्स मॅप (प्रत्येक ठिपका घन भागापासून किती लांब ते) काढला आणि त्यावर वॉटरशेड चालवला, म्हणजे मॅपमधल्या प्रत्येक शिखराभोवती एक सेल वेगळा होतो.

आता एक स्लाइस समोर उघडी आहे. एक उभट सेल, मध्ये स्ट्रटचा पत्ता नाही, तरी कापणारी रेघ हवेतून आरपार गेलीय. टॉलरन्स (किती लहान शिखरं दुर्लक्षायची ती मर्यादा) वाढवला की शेजारचे दोन खरे सेल त्यांच्यामधल्या मोठ्या उघड्या खिडकीतून एकमेकांत मिसळतात. सेलमागे सरासरी ११ पैलू (शेजारच्या सेलला लागणाऱ्या बाजू) येताहेत. मॅट्झकेने १९४६ मध्ये साबणाच्या फेसात १३.७० मोजले होते, त्यामुळे ११ काही पटत नाही.

शिवाय मॉडेलसाठी केल्विनचा १८८७ चा चौदा पैलूंचा सेल घ्यावा की स्कॅनवरून लागेर टेसेलेशन (लहान-मोठ्या सेलमध्ये जागेची विभागणी) करावं? आमचे सर केल्विन म्हणतात. पण त्यात सगळे सेल एकसारखे, आणि माझ्या फोममध्ये लहान-मोठे सगळेच आहेत. कुणी हे काम केलंय का?

सच्छिद्र:
वॉटरशेडच्या आधी थ्रेशोल्ड तपासा. भरीव पॉलियुरेथेनची घनता सुमारे १२००, म्हणजे तुमच्या फोममध्ये घन भाग ५ टक्केच हवा. इतका कमी असला की हिस्टोग्राममध्ये (कोणत्या छटेचे किती ठिपके त्या आलेखात) त्याचं टेकाड फार बुटकं राहतं आणि ओत्सू तिथे हमखास फसतो. ओपन-सेल फोमचा ताठरपणा सापेक्ष घनतेच्या (म्हणजे घन भागाच्या या टक्केवारीच्या) वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५ च्या जागी ७.५ टक्के धरलेत तर उत्तर थेट सव्वादोन पट! तुकडा वजन करा आणि थ्रेशोल्ड त्या आकड्याशी जुळवा.

उभट सेलचं कारण सरळ आहे. फोम फुगताना ज्या दिशेने वर चढतो त्या दिशेने सेल लांबतात, मग डिस्टन्स मॅपला एकाच सेलमध्ये दोन शिखरं दिसतात. लांबी-रुंदीचं सरासरी गुणोत्तर काढून त्या अक्षावर चित्र तेवढंच दाबा, डिस्टन्स मॅप आणि वॉटरशेड त्यावर चालवा, वेगळ्या झालेल्या सेलची लेबलं नंतर परत ताणा. तरीही खोटे काप उरले तर प्रत्येक पैलूच्या परिघाचा किती भाग स्ट्रटला टेकतो ते मोजा. खरा पैलू चहूबाजूंनी स्ट्रटमध्ये बसलेला असतो, तुमची ती रेघ बसलेली नाही. असे तुकडे जोडून टाका.

मॉडेल लागेरच घ्या. केल्विन कोड तपासायला उत्तम, पण तुमच्या सेलच्या आकारांतली तफावत त्यात येणारच नाही. आणि कडेला कापले गेलेले सेल सरासरीत धरू नका. मात्र मोठे सेलच कडेला जास्त लागतात, त्याची दुरुस्ती करा.

पूर्वभाग:
खूप आभार दादा! आत्ताच पाहिलं, माझ्या बायनरीत (थ्रेशोल्डनंतरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) घन भाग ७.४ टक्के आहे. वजन स्कॅन केलेल्याच तुकड्याचं हवं, की त्याच शीटमधला दुसरा चालेल?

सच्छिद्र:
स्कॅन केलेलाच. एकाच शीटमध्येही घनता वरखाली असते. तुकडा लॅबमध्ये राहिला असेल तर आजच फोन करून ठेवून घ्यायला सांगा.