ब्रुग्मॅन्शियाला दोन वर्षांत एकही फूल नाही, छाटणी चुकतेय का?

गच्चीवरची_माती: पुणे, पूर्वेकडची गच्ची, १२ इंची कुंडी. नर्सरीतून पिवळा म्हणून घेतलेला एंजल ट्रम्पेट (म्हणजेच ब्रुग्मॅन्शिया), वय दोन वर्षं. दर जूनमध्ये मातीपासून दीड फुटावर छाटते. परत चार फूट सोटासारखा वाढतो, फूल मात्र नाही. आता एप्रिलमध्ये दुपारी पानं माना टाकतात आणि पानांवर बारीक पांढुरके ठिपके आलेत. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत, बाकी काही नाही. काय बदलू?

पेरफुटी: फूल न येण्याचं कारण तुमची कात्रीच आहे. हे झाड आधी एकच सरळ खोड काढतं. साधारण तीन ते पाच फुटांवर शेंड्याला बेचकं फुटतं. पहिली कळी त्या बेचक्यात आणि पुढची फुलं त्याच्या वरच्या फांद्यांवर येतात. दीड फुटावर कापलंत की झाड पुन्हा पहिलीत. यंदा छाटूच नका. बेचकं आलं की पुढे कधीही त्याच्या वर प्रत्येक फांदीची सहा-सात पेरं राखूनच कापायचं.

बेचकं सापडत नसेल तर पानाचं बूड बघा. खालच्या खोडावरच्या पानाच्या दोन्ही बाजू देठाला एकाच जागी मिळतात. फुलणाऱ्या भागातल्या पानाची एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली असते.

कलमालाही हाच नियम. बेचक्याच्या वरची फांदी लावली तर रोप बुटकं असतानाच फुलतं, खालची लावली तर उंच वाढून बेचकं येईपर्यंत थांबा. पेन्सिलीएवढी जाड, आठ इंची काडी, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवायची, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) सावलीत. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

निचरा_आधी: छाटणीचं बरोबर, पण १२ इंची कुंडीत हे झाड उपाशीच राहणार. १८ ते २० इंची घ्या, तळाला भोकं भरपूर. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. नुसती काळी माती नको, पावसाळ्यात चिखल धरते आणि मुळं सडतात.

पानं एवढी मोठी असतात की दुपारी मुळांनी ओढलेलं पाणी पुरत नाही. संध्याकाळी पानं उभी राहिली तर काळजी नको. सकाळीच मलूल दिसली तर बोट दोन इंच खुपसा: कोरडं असेल तर पाणी, ओलं असूनही मलूल असेल तर मूळकूज. तेव्हा पाणी घालणं म्हणजे आगीत तेल. उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ, ऊन अकरापर्यंतच, पुढे ५० टक्के शेडनेट.

खत: पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत, आठवड्याला एकदा. मूठभर शेणखत महिन्याला म्हणजे या खादाडाला प्रसाद.

ठिपके लाल कोळ्याचे, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचे वाटतात. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालू लागले तर तोच. कोरड्या उकाड्यात तो झपाट्याने वाढतो. तीन-तीन दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि थोडा द्रवसाबण लिटरभर पाण्यात, आणि पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम.

पेरफुटी: गंधक आणि तेल एकत्र नको, पानं भाजतात. दोन्हींत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. पारा पस्तिशीकडे असताना गंधक मारूच नये, म्हणजे पुण्यात आत्ता नाहीच. तेलही ऊन कललं की मारा.

निचरा_आधी: मान्य, गंधक खोडलं.

गच्चीवरची_माती: कागदावर ठिपके चालले. कोळीच. यंदा छाटणी बंद. पण मग फुलं कधी? आणि हा आमच्याकडच्या धोत्र्याचाच भाऊ ना?

सांजवास: रात्री गार पडू लागल्या की, म्हणजे पुण्यात ऑक्टोबरपासून. कडक उन्हाळ्यात कळ्या आल्या तरी गळतात. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं झाड, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीची हवा त्याला जास्त मानवते. वास संध्याकाळनंतर, म्हणून कुंडी बसायच्या जागेजवळ हवी, पण झोपायच्या खिडकीला चिकटून नको.

भाऊ नाही, चुलतभाऊ. धोत्र्याचं फूल वर तोंड करून आणि फळ काटेरी, याचं फूल लोंबतं आणि फळ गुळगुळीत. विष मात्र दोघांतही: पान, फूल, बी, रस, सगळंच. छाटताना हातमोजे घाला, कात्री धुवा. रसाचा हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं. डोळा वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांना झाडाचं नाव सांगा. पोटात गेलं तर वाट न बघता दवाखाना. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर हे झाड ठेवू नका. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेला टाकू नका.