१० इंची वूड लेथला पहिला चक कुठला? अंबडमध्ये मिळणारा थ्री-जॉ चालेल का?

नवखा_नाशिक

नमस्कार मंडळी. वापरलेला १० इंची मिनी वूड लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेतलाय. सोबत फेसप्लेट (लाकूड स्क्रूने आवळायची चकती), चार पात्यांचं फोर्क सेंटर (लाकडाच्या टोकात रुतून ते फिरवणारं) आणि रिव्हॉल्विंग सेंटर (दुसऱ्या टोकाला आधार देणारं) आहे. चक (जॉ, म्हणजे जबड्यांनी लाकूड धरणारा भाग) नाही, मॅन्युअलही नाही. आधी लाटणी-पोळपाट, मग आंब्याच्या लाकडाचे सहा ते आठ इंची वाडगे करायचेत. अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये १२५ मिमीचा थ्री-जॉ चक भंगाराच्या भावात मिळतोय, बॅकप्लेटही (चक लेथला जोडणारी चकती) तेच करून देतील. तो घ्यावा की लाकडासाठीचा फोर-जॉ ऑनलाइन मागवावा? ऑनलाइन एकच चक तीन-चार प्रकारच्या आट्यांत दिसतो, तिथे डोकं चालेना.

कातारी_सातपूर

थ्री-जॉ घेऊ नका, फुकट दिला तरी. लोखंडाचा दांडा धरायला तो उत्तम, पण त्याचे जॉ लाकडाला तीन अरुंद पट्ट्यांवर धरतात. आवळलं की तिथलं लाकूड चेपतं. चेपलं की पकड ढिली होते, आणि हे लेथ चालू असताना होतं. शिवाय जॉ उघडले की बॉडीच्या बाहेर येतात, कडा चौकोनी असतात आणि फिरताना दिसत नाहीत. वाडगा करताना तुमची बोटं नेमकी तिथेच असतात. वजन आणखी वेगळं. मिनी लेथच्या बेअरिंगवर तेवढा लोखंडी गोळा कशाला टांगायचा? आधीच गोल केलेला दांडा टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता ठोकळा) आधार देऊन धरायला तो चालेल, पण तेवढ्यासाठी घेऊ नये.

लाकडासाठी ९० ते १०० मिमी बॉडीचा, एकाच चावीने चारही जॉ सोबत हलणारा स्क्रोल चक घ्या, ५० मिमीच्या जॉसह. दोन टॉमी बारवाला (भोकांत लोखंडी दांडे घालून आवळायचा) स्वस्त पडतो, पण आवळायला दोन्ही हात लागतात, मग लाकूड कोण धरणार? टी-चावीवालाच बघा.

आटे आधी मोजा, मग ऑर्डर. व्हर्निअरने स्पिंडलच्या (चक बसतो तो फिरता दांडा) आट्यांचा बाहेरचा व्यास घ्या. मग एका आट्याच्या टोकापासून पुढची पाच अंतरं किती मिमीत बसतात ते पाहा. ३३ मिमी व्यास आणि १७.५ आलं तर एम३३ × ३.५. २५.४ च्या जवळपास आणि १५.९ आलं तर १ इंच × ८. १८ आणि १२.५ म्हणजे एम१८ × २.५. १९ आणि ७.९ म्हणजे पाऊण इंच × १६. व्यास नेहमी एक-दोन दशांश कमीच भरतो, त्याने घाबरू नका. "जवळपास बसतोय" असा चक मात्र पान्याने रेटून बसवू नका, दोन फेऱ्यांत स्पिंडलचे आटे जातात.

दोन प्रकारचे चक मिळतात: थेट आटे पाडलेले, आणि आत इन्सर्ट (आटे असलेला सुटा तुकडा) बसणारे. पुढे लेथ बदलायचा विचार असेल तर इन्सर्टवाला, कारण मग फक्त इन्सर्ट बदलावा लागतो. स्पिंडल आणि चकच्या मध्ये बसणारा आट्यांचा अडॅप्टर टाळा. त्याने चक वीस-पंचवीस मिमी पुढे सरकतो आणि छोट्या लेथवर थरथर वाढते. वर्कशॉपमधून करून घ्यायचाच झाला तर आटे आणि फेस एकाच सेटिंगमध्ये मारायला सांगा. काम सोडवून उलटं धरलं की फेस आट्यांशी काटकोनात राहत नाही, आणि चक डोलतो.

लाकूडफाटा

वरचं सगळं मान्य, पण घाई कशाची? लाटणं दोन सेंटरांमध्येच होतं, तिथे चकचं कामच नाही. पोळपाटाला फेसप्लेट पुरते: टाकाऊ लाकडाचा गोल ठोकळा फेसप्लेटला स्क्रूने आवळा, त्याचा फेस सपाट करा, आणि पोळपाटाची फळी मध्ये कागद घालून फेव्हिकॉलने चिकटवा. एक अख्खा दिवस वाळू द्या. काम झालं की पटाशीने कागदाच्या रेषेवर हलकेच ठोकून सोडवा. स्क्रू लाकडाचेच हवेत, जाड दांड्याचे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू कडक असतात, आडव्या झटक्यात मान तुटते.

आणि १० इंची स्विंग (बेडवर, म्हणजे लेथच्या खालच्या पट्टीवर, मावणारा सर्वात मोठा व्यास) म्हणजे १० इंची पोळपाट नव्हे. कोपरे उडवलेली फळीसुद्धा बेडवरून मोकळी फिरली पाहिजे, म्हणून ९ इंचावर थांबा.

नवखा_नाशिक

मोजलं. व्यास २५.२, पाच अंतरं १६ ला किंचित कमी. स्पिंडलच्या आतलं निमुळतं भोक तोंडाशी १७.८ मिमी. म्हणजे १ इंच × ८ ना? आणि वाडग्याला टेनन (चकमध्ये धरायला तळाशी ठेवलेला गोल खुंट) किती मिमीची ठेवू? व्हिडिओत प्रत्येकाचा आकडा वेगळा.

कातारी_सातपूर

हो, १ इंच × ८. आतलं भोक एमटी२ (मोर्स टेपर २, निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप). टेलस्टॉकचंही मोजा. तिथेही १७.८ भरलं तर पुढे ड्रिल चक एमटी२ चाच घ्या.

टेननचा आकडा जॉवर ठरतो, म्हणून वेगवेगळा ऐकू येतो. ५० मिमीचे जॉ जवळजवळ मिटलेले असतात, मध्ये एक-दोन मिमीची फट, तेव्हाच त्यांचा पूर्ण गोल जमतो. टेनन त्याच मापाची असेल तर लाकडाला चहूबाजूंनी पकड मिळते. ६५ ची टेनन धरली की प्रत्येक जॉची फक्त दोन टोकं टेकतात, म्हणजे एकूण आठ बिंदू, आणि लाकडावर आठ खुणा. साधारण हिशोब: टेनन वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश. सहा इंची वाडग्याला ५० मिमी, म्हणजे नेमकी तुमच्या जॉची. आठ इंचीला ६७-६८ लागते, तिथे मोठे जॉ वेगळे घ्यावे लागतील. सुरुवात सहा इंचीनेच करा.

लांबी ८ मिमी पुरे. खरी पकड खांद्यात असते: टेननभोवतीचा सपाट भाग जॉच्या तोंडावर घट्ट टेकला पाहिजे, आणि टेननचं टोक चकच्या तळाला लागता कामा नये. टोक तळाला लागलं तर खांदा अधांतरी राहतो, आणि गाऊज (कातायची पन्हळी पटाशी) जरा अडकला की वाडगा तिरका होऊन सुटतो. नवख्यांचे बहुतेक वाडगे याच कारणाने उडतात, चकला उगाच शिव्या बसतात. जॉ डव्हटेल (आतून तिरके) असतील तर टेनन मुळाशी किंचित आत घ्या. जॉ सरळ, दातेरी असतील तर टेननही सरळ.

लाकूडफाटा

पोळपाटाला नंतर चक वापरलात तर टेनन नको, खालून खाच घ्या, ५ मिमी खोल, आणि जॉ बाहेरच्या बाजूला फाकवून धरा. इथेही खाच जॉच्या मिटलेल्या मापापेक्षा एक-दोन मिमीच मोठी. फार मोठी केली तर प्रत्येक जॉ फक्त मधोमध टेकतो, चारच बिंदू. चावी बेताने फिरवा. खाच आतून फाकते, सागवान असेल तर रेषेवर उभी चीर जाते.

कातारी_सातपूर

आंब्याबद्दल राहिलं. वखारीतून ओला ओंडका आणणार असाल तर पहिल्या फेरीत टेनन ६० ची ठेवा आणि वाडग्याची भिंत व्यासाच्या दहावा हिस्सा, सहा इंचीला १५ मिमी. वाळल्यावर टेनन लंबगोल होते. ती तशीच चकमध्ये धरू नका. वाडगा जॉ आणि टेलस्टॉकच्या मध्ये उलटा दाबून टेनन पुन्हा गोल, ५० ची करा, खांदाही सपाट करा, मग चकमध्ये. पहिल्या ओबडधोबड फेरीला वेग ५००-६०० फेऱ्या, टेलस्टॉक शेवटपर्यंत लावलेला.

चक चढवण्याआधी आट्यांतला भुसा ब्रशने काढा, स्पिंडलच्या खांद्यावर एक कण राहिला तरी चक डोलतो. तेलाच्या प्लास्टिक कॅनमधून कापलेली पातळ चकती मध्ये घातली तर चक जाम होत नाही. जॉवर १ ते ४ आकडे असतात, त्याच क्रमाने घाला, नाहीतर चारही मध्यात मिटणार नाहीत. आणि लेथ उलटा फिरवून पॉलिशपेपर मारायचा असेल तर चकच्या मागचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आवळल्याशिवाय स्विच दाबू नका, चक उलगडून मांडीवर येतो.